सहाव्या तारेची खुंटी

मोहने,
३ मार्च २०२४

श्री. अल्फान्सो यांस नमस्कार,

त्या सकाळी मी यांचे वर्कशॉपचे दोन शर्ट सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजवले, तांदूळ धुऊन ठेवले आणि नळ जायच्या आत पिंप भरायला घेतलं. हे ओट्याशी उभे राहून मिक्सरचा ढिला स्क्रू पिळत होते. मी म्हटलं, "अहो, चालतोय ना तो, मग कशाला हात लावताय?" म्हणाले, "चालतोय, पण खडखडतोय." मग खोकले. रोजचाच खोकला, दोन आखूड आणि एक लांब. मी म्हटलं, "डॉक्टरकडे जा एकदाचे. रात्री माझीही झोप मोडते." "शनिवारनंतर जाईन," म्हणाले, डबा उचलला आणि निघाले. मी शर्ट घासायला बसले. कॉलरवरचं तेल निघत नव्हतं म्हणून चिडले होते, एवढं आठवतं.

अकराच्या सुमारास साईनाथचा फोन आला. साईनाथ म्हणजे वागळे इस्टेटला यांच्या शेजारच्या लेथवर काम करणारा. मशीन बंद करून स्टुलावर बसले आणि तसेच भिंतीला टेकले, म्हणाला. तारीख अठरा जानेवारी, गुरुवार.

तुमचं पोस्टकार्ड फेब्रुवारीत आलं. 'शिवराम, चार शनिवार झाले, आहेस कुठे? वहिनींचं वाचनालयाचं कार्ड इथेच राहिलंय, पत्ता त्यावरून घेतला.' मी ते वाचलं आणि पुस्तकात घालून ठेवलं. उत्तर लिहायचं म्हणजे तीच गोष्ट पुन्हा एकदा सांगायची. ती सांगून सांगून मी थकले आहे. म्हणून उशीर झाला.

आता स्पष्ट लिहिते, राग मानू नका. दर शनिवारी पहिली पाळी सुटली की हे ठाण्यात माझं पुस्तक बदलायचे, तुमच्याकडे जायचे आणि आठला घरी यायचे. "अल्फान्सोकडे गिटार ऐकतो," म्हणायचे. लेथवरचा माणूस तीन तास गिटार ऐकतो हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. मला वाटायचं, तुम्ही दोघं पीत बसता. वास कधी आला नाही, तरी वाटायचं. नाताळात तुमच्याकडून फुगे यायचे, तळलेले गोल, त्यात ताडी असते असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी ते शेजारी देऊन टाकायचे. हे गप्प बसायचे. भांडले असते तर बरं झालं असतं.

यांच्या हत्यारांच्या डब्यात करंगळीच्या पेराएवढा पितळेचा एक तुकडा सापडला. त्याला चिठ्ठी बांधली आहे: 'अल्फान्सो, सहावी. भोक राहिलं.' हे काय आहे ते कळवा. साईनाथकडे माझा नंबर आहे, पण फोन मात्र करू नका. फोनवर माझा आवाज फुटतो. लिहिताना थांबता येतं.

— सरोज


खोपट, ठाणे,
१२ मार्च २०२४

प्रिय सरोजवहिनी,

तुमचं पत्र वाचलं आणि एमिलियाच्या हातात दिलं. ती ते घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी इथे चार शनिवार शिवरामला शिव्या घालत होतो. 'लेकीकडे डोंबिवलीला जाऊन बसला असेल, म्हाताऱ्या मित्राची आठवण कशाला ठेवील?' असं मी मोठ्यानं म्हणत होतो, आणि तो तेव्हा या जगात नव्हता.

फोनची काळजी करू नका. मला फोनवर काही ऐकू येत नाही. दोन्ही कानांत मशीन आहे, तरी समोर बसलेल्याचं बोलणं मी ओठ बघूनच समजतो. समोरचा माणूस फोनवर बोलला की पत्र्यावर वाटाणे पडल्यासारखं वाटतं. गिटार मी लाकडाला छाती लावून ऐकतो. शिवराम लोकांना सांगायचा, "आमचा बहिरा उस्ताद."

दारूबद्दल राग नाही. आमच्या घरी नाताळाला वाइन असते, खोटं कशाला बोलू? पण शिवरामनं ती कधी घेतली नाही. तो एमिलियाच्या हातचा कोरा चहा घ्यायचा, तीन चमचे साखर घालून. "घरी सरोज एकच देते," म्हणायचा. तेव्हा चोरी करायचा ती एवढीच.

ओळख अशी झाली. माझी गिटार माझ्या वडिलांची. तिच्या तारा पिळायच्या खुंट्या जुन्या मापाच्या, आता बाजारात मिळतात त्या बसत नाहीत. बारा वर्षांपूर्वी एक तुटली तेव्हा मी ती घेऊन वागळेभर फिरलो. सगळे म्हणाले, "काका, नवीन गिटार घ्या." शिवरामनं ती हातात घेतली, कानापाशी नेऊन फिरवली आणि म्हणाला, "शनिवारी या." शनिवारी मी पैसे काढले तर म्हणतो, "आधी वाजवून दाखवा, बसली की नाही ते कळेल." मी तिथेच पत्र्याच्या पिंपावर बसून वाजवली. त्यानंतर तो दर शनिवारी खुंटी नीट बसली आहे का ते बघायला यायचा. बारा वर्षं.

तुम्हाला सापडला तो तुकडा म्हणजे सहाव्या तारेची खुंटी. सगळ्यात जाड तार ती, खालचा आवाज देणारी. तिची खुंटी डिसेंबरात गेली. तेव्हापासून मी पाच तारांवर वाजवतो, जमीन नसलेल्या घरात चालल्यासारखं. जमलं तर पाठवा, तार ओवायचं भोक मी कुणाकडून तरी पाडून घेईन. घाई नाही.

माझी पुतणी व्हॅलेरी गेल्या वर्षी काही शनिवार येऊन माझं वाजवणं रेकॉर्ड करून गेली. 'अंकल, तुमच्यानंतर हे कुणाला येणार?' म्हणते. एकदा हसत म्हणाली, "सगळं छान आलंय, फक्त शिवरामकाका मध्ये मध्ये खोकतात तेही आलंय." मला ते ऐकू येत नाही, म्हणून मी म्हटलं, "असू दे, फुकटचा तबला."

तुमचं वाचनालयाचं कार्ड सोबत पाठवतो. पुस्तकाला तेल लागू नये म्हणून तो ते मांडीवर रुमाल पसरून ठेवायचा.

तुमचा,
अल्फान्सो


मोहने,
२ एप्रिल २०२४

अल्फान्सोभाऊ,

तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मी गेले पंधरा दिवस वाचते आहे. 'खोकतात तेही आलंय.'

माझ्याकडे यांचा आवाज नाही. तेरावं झाल्यावर मी आणि रसिका, म्हणजे माझी मुलगी, तिचा फोन घेऊन बसलो. फोटो दीडशे सापडले. व्हिडिओ पण आहेत, नातीच्या वाढदिवसाचे, गणपतीचे. पण ते सगळे यांनीच काढलेले. त्यात आम्ही आहोत, शेजारचे आहेत, केक आहे, हे नाहीत. मागून एक शब्द बोलतील तर शपथ. फोन हलू नये म्हणून श्वास धरून उभे राहायचे. रसिका म्हणाली, "बाबांनी आपल्याला सगळं दिलं आणि स्वतःला तेवढं वगळलं." ती रडली. मला तेव्हा रडू आलं नाही, मी भांडी लावत होते.

बोलायचे कमीच. पण खोकला तीस वर्षांचा. वर्कशॉपातली धूळ. तो ऐकू आला की कळायचं, जिना चढले, दुसऱ्या मजल्यावर आले. मी कुकरची शिटी मोजावी तसा तो मोजायचे. आणि त्याचाच मला वैताग यायचा. किती वेळा म्हटलं असेल, "जरा गप्प खोका." माणूस गप्प कसा खोकेल?

ते रेकॉर्डिंग मला पाठवा. यापलीकडे मला तुमच्याकडून काही नको.

पण मी ते आता ऐकणार नाही. आमच्याकडे वर्ष होईपर्यंत घरात वाजवणं-गाजवणं नसतं. रसिका म्हणते, "आई, आता कोण पाळतं गं? आणि खोकला म्हणजे काय गाणं आहे?" तिचं बरोबर असेल. पण तो खोकला गाण्याच्या आत आहे, आणि मी सोयीपुरतं पाळणाऱ्यातली नाही. शिवाय खरं सांगू का, पुढे काहीतरी ऐकायचं शिल्लक आहे एवढ्या आधारावर माझे दिवस जातील. पौष शुद्ध अष्टमीला वर्ष होतं. तोवर थांबेन.

खुंटी पाठवत नाही. तिच्यावर कानशीचे बारीक ओरखडे आहेत. हे शेवटी पॉलिश मारायचे, ते राहिलं. यांच्या हाताची हालचाल तेवढीच शिल्लक आहे. तुमची अडचण होते हे कळतं. तरी नाही.

— सरोज


खोपट,
२१ एप्रिल २०२४

प्रिय सरोजवहिनी,

खुंटी तुमच्याकडेच राहू दे. पाच तारांत माणूस मरत नाही.

सोबत एक छोटा डबा पाठवतो आहे. रेकॉर्डिंगचं मेमरी कार्ड त्यातच बसवलंय, वरचं लाल बटण दाबलं की वाजेल. व्हॅलेरीनं दोन रात्री बसून तुमच्यासाठी सगळं खास नीट करून दिलंय. ती या आठवड्यात नोकरीला दुबईला गेली. जाता जाता म्हणाली, "काकूंना म्हणावं, एकदम छान झालंय."

ऐकाल तेव्हा आधी थोडं माहीत असावं म्हणून लिहितो. तुम्ही पुस्तकं वाचणाऱ्या. शिवराम सांगायचा, चौथीत शाळा सुटली आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत तिनं वाचन वाढवलं, आता जाड पुस्तक आठवड्यात संपवते. तेव्हा तुम्ही यात शब्द शोधाल. शब्द नाहीत. वीस मिनिटं नुसती गिटार, दुसरं वाद्यही नाही.

सुरुवातीला आमच्या लग्नातलं गाणं आहे, विहिरीवरून पाणी आणतात तेव्हाचं, माझी आई म्हणायची ते. त्यातून मी चर्चमधल्या एका प्रार्थनेत जातो. मधे एक भजन येतं. ते शिवरामनं मला बोटानं टेबलावर ठेका धरून आणि गिटारच्या लाकडाशी तोंड नेऊन गुणगुणून शिकवलं, त्याच्या गावच्या मंडळींचं. तरुणपणी मी हॉटेलांच्या बँडमध्ये होतो, तिथलं जॅझ शेवटाला घुसतं, मी बोलावत नाही, तेच येतं. आणि सगळ्याखाली अंगठ्यानं मी एकच चाल धरतो, सहाव्या तारेवर. ती लेथची आहे. पत्र्याच्या पिंपावर बसून वाजवलं त्या दिवशी मागे मशीन चालू होतं, तेव्हापासून ती अंगठ्यात बसली.

चर्चवाले म्हणतात, हे आमचं नाही. बँडमधले जुने दोस्त म्हणतात, हे जॅझ नाही. एका कार्यक्रमवाल्यानं विचारलं, "अंकल, कागदावर काय लिहू, कुठलं संगीत?" मला सांगता येईना. शनिवारी मी शिवरामला विचारलं. तो म्हणाला, "नाव कशाला पाहिजे? लेथला पितळ लावलं तर पितळ कापतो, लोखंड लावलं तर लोखंड. फिरणारं एकच असतं."

वर्ष झालं की ऐका. मग कसं वाटलं ते लिहा, वाईट वाटलं तरी लिहा.

तुमचा,
अल्फान्सो


खोपट,
३ नोव्हेंबर २०२४

प्रिय सरोजवहिनी,

काल आमचा मृतांचा दिवस होता. आम्ही कबरस्तानात जाऊन माणसांना मेणबत्त्या लावतो. आईवडिलांना लावल्या, भावाला लावली. एक उरली. एमिलिया म्हणाली, "शिवरामला लाव." मी म्हटलं, "तो इथे कुठे आहे?" तर म्हणते, "तो शनिवारी तरी इथेच होता ना?" भिंतीपाशी लावली. तुम्हाला चालणार नसेल तर सांगा, पुढच्या वर्षी नाही लावणार.

एमिलियानं फुगे केले आहेत, ताडी न घालता, यीस्ट घालून. पाठवू का विचारते.

अल्फान्सो


मोहने,
१५ नोव्हेंबर २०२४

अल्फान्सोभाऊ,

मेणबत्ती चालेल. फुगे मिळाले, विचारलंत आणि लगेच पाठवलेतही. यंदा शेजारी दिले नाहीत. चहात बुडवून एकेक करत चार दिवस खाल्ले.

डबा कपाटात यांच्या शर्टांवर ठेवला आहे. शर्ट मी तेराव्यानंतर सगळे धुऊन इस्त्री करून ठेवले. तेलाचा वास जायला तीन तीनदा धुवावे लागले. कधी कधी डबा हातात घेते आणि परत ठेवते. दिवाळी आली तशी गेली. लोक फराळ घेऊन येतात आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलतात. 'देवाची मर्जी', 'सुटले बिचारे', 'तुम्ही खंबीर आहात.' मी खंबीर नाही, दमले आहे, पण तसं म्हटलं की अर्धा तास आणखी बसतात. म्हणून हो म्हणते.

पौषाला दीड महिना राहिला.

— सरोज


मोहने,
८ जानेवारी २०२५

अल्फान्सोभाऊ,

काल वर्षश्राद्ध झालं. गुरुजी गेले, रसिका आणि जावई पानं उरकून डोंबिवलीला गेले. मी ओटा पुसला, हात धुतले, दार लावलं आणि लाल बटण दाबलं.

वीस मिनिटं ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. आज सकाळपासून चार वेळा. डब्याला कान लावून ऐकलं.

खोकला नाही.

कुठेही नाही. गिटार इतकी स्वच्छ आहे की बोट तारेवरून सरकतं ते कळतं. पण खोकला नाही, श्वास नाही, खुर्ची वाजत नाही. खोलीत तुमच्याशिवाय कुणी नव्हतंच असं वाटतं. तुमचं आधीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. 'खास नीट करून दिलंय.' तेव्हा नाही समजलं मला. आज समजलं. काढून टाकला ना?

मी वर्षभर पाळलं. कुणाच्या लग्नाला गेले नाही, रेडिओ लावला नाही. लोक म्हणायचे, बाई किती करते नवऱ्यासाठी. मी त्या तीन ठसक्यांसाठी करत होते.

मूळचं जिथे कुठे असेल तिथून शोधा. नसेल तर तसं कळवा, गोड शब्दांत कळवू नका.

सरोज


खोपट,
१९ जानेवारी २०२५

सरोजवहिनी,

मूळ नाही.

व्हॅलेरीला फोन एमिलियानं लावला. पोरगी आधी खूश झाली, म्हणाली, "काकूंना आवडलं का? मी सगळा खोकला काढला, एकही राहू दिला नाही. त्यांना ऐकून त्रास झाला असता." मग एमिलियानं तुमचं पत्र वाचून दाखवलं. जुनं व्हॅलेरीनं ठेवलेलं नाही. तिनं मुद्दाम केलं नाही, वहिनी. पण चूक तिची एकटीची नाही. तुम्हाला काय हवंय ते तुम्ही मला लिहिलं होतं. मी तिला नुसतं म्हटलं, "शिवरामच्या घरी पाठवायचंय, चांगलं करून दे." आणि झालं ते मला ऐकू आलं नाही. मी बटण दाबून छातीशी धरलं, थरथरलं, म्हटलं ठीक आहे.

गोड लिहू नका म्हणालात. मग जे आहे ते लिहितो.

मी बहिरा आहे, पण आंधळा नाही. शिवराम समोर स्टुलावर बसायचा. खोकला यायचा झाला की तो आधी डावा हात वर करायचा, वाहतूक पोलिसासारखा, आणि उजव्यानं रुमाल तोंडाशी न्यायचा. माझं वाजवणं बिघडू नये म्हणून. पण मी त्याच्या खोकल्यावरून कसं वाजवणार? मी तारांवर तळवा ठेवून थांबायचो. तो खोकायचा. मला ऐकू यायचं नाही, खांदे हलताना दिसायचे. दोनदा, मग एकदा मोठ्यानं. मग तो मान डोलवायचा, 'चालू द्या.' मग मी पुढे जायचो.

तुमच्याकडे आहे ते रेकॉर्डिंग झालं त्या शनिवारी तसं तीनदा झालं. पहिल्यांदा आईच्या गाण्यातून प्रार्थनेकडे वळताना. दुसऱ्यांदा त्याच्या भजनात, दुसरी ओळ अर्धी झाली असताना. तिसऱ्यांदा अगदी शेवटाला, आणि तेव्हा मी जास्त वेळ थांबलो, कारण त्याला पाणी लागलं आणि एमिलिया ते आणायला उठली.

व्हॅलेरीला वाटलं, म्हातारा तिथे तिथे विसरतो आणि शिवराम तेवढ्यात खोकून घेतो. त्या जागा कापल्या तर काकाची चूक दाखवल्यासारखं होईल, म्हणून तिनं त्या तशाच ठेवल्या. तिनं खोकला काढला. मी त्याच्यासाठी थांबलो ते तिला काढता आलं नाही. ते अजून तिथे आहे.

यापेक्षा जास्त माझ्याकडे नाही.

अल्फान्सो


मोहने,
९ फेब्रुवारी २०२५

चि. व्हॅलेरीस अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र तुझ्या अंकलनी माझ्याकडे पाठवलं. चार पानं आहेत आणि चारही पानांवर तू माफी मागितली आहेस. पुरे आता. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते मला ठरवता येत नव्हतं.

तू लिहिलंस की हल्ली कॉम्प्युटर काहीही तयार करतो, त्या जागांवर तसाच दुसरा खोकला बसवून देता येईल. नको गं. हसू आलं मला, वर्षात पहिल्यांदा. दुसऱ्याचा खोकला घरात घेऊन मी काय करू? त्याला काढा करून देऊ?

आता तुला एक सांगते, ते मी अजून तुझ्या अंकलनाही पुरतं लिहिलेलं नाही. आमचे हे गेले त्या सकाळी मी यांचे दोन शर्ट धूत होते. कॉलरचं तेल निघेना म्हणून चिडले होते. तेरावं झाल्यावर कपाट उघडलं, तर बाकीचे सगळे शर्ट त्याच वासाचे. यंत्राचं तेल, घाम, थोडी तंबाखू. मी काय केलं असेल? सगळे भिजवले. तीन तीनदा घासले, वाळवले, इस्त्री केली, घड्या घातल्या. कुणी सांगितलं नव्हतं. माणूस गेलं की आम्ही बायका आधी साफसफाई काढतो. चार महिन्यांनी एक शर्ट नाकाशी धरला, तर साबणाचा वास. तेव्हा मी कुणावर ओरडणार? तुझ्यावर ओरडले ते सोपं होतं, तू लांब होतीस. आपण दोघींनी एकच चूक केली, आणि दोघींनी प्रेमानंच केली. त्यामुळे आता माफी मागू नकोस.

अंकलचं उत्तर आलं त्या दिवशी दुपारी मी पुन्हा बटण दाबलं. या वेळी खोकला शोधला नाही. पहिलं गाणं, पाणी आणायचं, ते संपत आलं आणि गिटार थांबली. एकदम सगळं बंद. आणि त्या बंद जागेत माझ्याच घरातला आवाज आला. पिंपात नळाची धार पडत होती, मी नळ बंद करायला विसरले होते. मग गिटार पुढे निघाली. दुसऱ्या जागी मला आमचे हे हात वर करून बसलेले दिसले. घरी माझ्यापुढे यांनी कधी हात वर केला नाही, नुसते खोकायचे. तिथे पाहुण्यासारखे वागायचे म्हणजे. तिसऱ्या जागी एमिलियाबाई पाणी आणायला गेल्या, त्या परत येईपर्यंत मी बसून राहिले. ती जागा खूप लांब आहे. तुला वाटलं अंकल विसरले. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

तू विचारलंयस, वाजवणं कसं वाटलं. मला संगीतातलं कळत नाही. मी शब्दांवर जगलेली बाई आहे, पुडीच्या कागदावरचं अर्धं वाक्यसुद्धा सोडत नव्हते. पण गेलं वर्षभर जो आला तो शब्द घेऊन आला, आणि प्रत्येकाला हो म्हणून म्हणून माझी मान दुखली. या गिटारमध्ये एकही शब्द नाही. ती माझ्याकडून काही कबूल करून घेत नाही. तुमचं गाणं, चर्चचं, आमच्या गावचं भजन, हॉटेलातलं ते काय ते, एकात एक जातं आणि कुठून कुठे गेलं ते कळत नाही. माझेही दिवस तसेच जातात. वरण शिजत असतं आणि मी दुसरीकडेच असते. हे यांना शनिवारी तिथे मिळत होतं, आणि मी पिण्याचा संशय घेत होते.

खालून ती लेथची चाल येते ना, अंकलच्या अंगठ्याची, ती मला सगळ्यात आवडली. मग लक्षात आलं, ती सहाव्या तारेवर आहे, आणि ती तार वर्षभर माझ्यामुळे बंद आहे. यांची खुंटी मी हत्यारांच्या डब्यात ठेवली होती, ओरखडे जाऊ नयेत म्हणून. ओरखडे राहिले, पण ज्यासाठी ते मारले ते राहून गेलं. चिठ्ठीवर यांनी स्वतः लिहिलं होतं, 'भोक राहिलं.'

दुसऱ्या दिवशी मी पाणी भरलं, भात टाकला, आणि खुंटी रुमालात बांधून वागळेला गेले. साईनाथनं यांच्याच लेथवर भोक पाडून दिलं. "वहिनी, पॉलिश मारून देतो, सोन्यासारखी दिसेल," म्हणाला. मी म्हटलं, "हात लावू नकोस." तिथून खोपटला तुझ्या अंकलकडे गेले, खुंटी त्यांच्या हातात दिली, आणि सहावी तार लागेपर्यंत यांच्या स्टुलावर बसून राहिले.

— सरोजकाकू